माऊस की कळफलक? काळ्या पडद्यावरचे काही धडे



पालकसभेत संगणकाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, आमचं लेकरू कंप्युटरला बसतंय म्हणतंय, पण हातात माऊस तर दिसंना. नुसतं काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं बडवायलंय. हे कसलं शिकणं?" प्रश्न रास्त आहे. ज्यांनी संगणक बँकेत, झेरॉक्सच्या दुकानात किंवा नातेवाइकांच्या घरी पाहिला, त्यांनी तो बहुधा माऊस फिरवतानाच पाहिला. विश्वस्त मंडळींचाही एक प्रश्न असतो. संगणक कक्षाच्या खरेदीच्या यादीत माऊस पुन्हा पुन्हा का येतो, आणि त्यांच्याशिवाय अडते का?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच लेखात देण्याचा आमचा विचार आहे. माऊस वाईट आणि कळफलक चांगला, असे आम्हाला म्हणायचे नाही. कोणते काम कशाने करावे आणि का, हे मेहकरच्या आपल्या मुलांना स्वतः ठरवता यावे, एवढीच आमची इच्छा आहे.

काळा पडदा म्हणजे काय?

ज्या काळ्या पडद्याची एवढी चर्चा होते त्याला 'टर्मिनल' म्हणतात. त्यात चित्रे नसतात, बटणे नसतात. एक ओळ आणि तिच्या टोकाशी लुकलुकणारा कर्सर, बस्स. आपण एक आज्ञा टंकित करायची, एंटरची कळ दाबायची, की संगणक ती पाळतो आणि उत्तर खाली लिहून दाखवतो. ही आज्ञा वाचून समजून घेणारा जो प्रोग्राम आत बसलेला असतो, त्याला 'शेल' म्हणतात. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी भेटणाऱ्या शेलचे नाव 'बॅश' असून तो १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी लिहिला.

ही पद्धत माऊसच्या प्रसाराच्या फार आधीची आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' ही प्रणाली तयार करायला घेतली, तेव्हा त्यांच्यासमोर आजच्यासारखा पडदासुद्धा नव्हता. होते ते 'टेलेटाइप मॉडेल ३३' नावाचे खडखड वाजणारे यंत्र. त्यावर टंकायचे आणि उत्तर कागदाच्या गुंडाळीवर छापून यायचे, तेही सेकंदाला फक्त १० अक्षरे या वेगाने. कळाही जड असत. साहजिकच आज्ञा आखूड ठेवल्या गेल्या. यादी दाखवायची आज्ञा 'एलएस', प्रत काढायची 'सीपी', हलवायची 'एमव्ही'. आज आमच्या विद्यार्थ्यांना ही नावे विचित्र वाटतात. पण बोटांना त्रास कमी व्हावा आणि कागद वाचावा, असा सरळ हिशेब त्यामागे होता.

त्या यंत्रावरची 'कंट्रोल' नावाची कळ आजच्या कळफलकावरही आहे. तिचे गणित मुलांना फार आवडते. कंट्रोल धरून एखादे अक्षर दाबले की त्या अक्षराचा इंग्रजी वर्णमालेतला क्रमांक संगणकाकडे जातो. सी हे तिसरे अक्षर, म्हणून कंट्रोल-सी म्हणजे ३. जुन्या तारयंत्रांच्या संकेतात ३ म्हणजे 'मजकूर संपला'. डी चौथे, म्हणून ४, म्हणजे 'प्रसारण संपले'. आय नववे, आणि ९ म्हणजे टॅब. एम तेरावे, आणि १३ म्हणजे एंटर. विश्वास बसत नसेल तर बॅशच्या पडद्यावर एखादी आज्ञा लिहून एंटरऐवजी कंट्रोल-एम दाबून पाहा. आज्ञा पाळली जाते!

क्लिक केले तरी कर्सर का हलत नाही?

आता नेहमीचा प्रसंग सांगतो. एका विद्यार्थिनीने नववीच्या सगळ्या फाइलींची प्रत काढायची लांबलचक आज्ञा लिहिली. शेवटी पाहते तो पहिलाच शब्द चुकलेला. 'सीपी'च्या जागी 'पीसी' पडले होते. तिने माऊस उचलला, पहिल्या शब्दावर नेला आणि क्लिक केले. कर्सर जागचा हलला नाही. पुन्हा क्लिक केले, दोनदा केले. शेवटी तिने बॅकस्पेसवर बोट ठेवले आणि सगळी ओळ पुसून टाकली. "सर, माऊस बिघडलाय," अशी तक्रार आमच्याकडे आली.

माऊस धडधाकट होता. गोष्ट अशी आहे की टर्मिनलची खिडकी आणि आतला शेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेच्या काउंटरचे उदाहरण घ्या. काचेच्या पलीकडे बसलेला कारकून आपण आत सरकवलेली पावती वाचतो. आपण काचेवर बोट ठेवून कितीही ठिकठिक केले तरी पावतीवरचा आकडा बदलत नाही. टर्मिनलची खिडकी ही ती काच आहे. माऊसचे क्लिक सहसा तिथेच थांबते. कळ दाबली की मात्र तिचा संकेत आत शेलपर्यंत पोहोचतो. म्हणून ओळीत पुढे-मागे जायचे तर कळफलकच हवा. काही प्रोग्राम माऊसचे क्लिकही आत मागवून घेतात, पण तो अपवाद समजावा.

एवढे कळले की नवशिक्यांचे आणखी तीन गोंधळ सुटतात.

पहिला, कंट्रोल-सी. पत्र लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये त्याने मजकुराची प्रत होते, टर्मिनलमध्ये चालू असलेले काम थांबते. प्रत काढायला गेलेल्या मुलाचे दहा मिनिटे चाललेले काम क्षणात बंद पडते आणि तो रडवेला होतो. या दोन अर्थांत टर्मिनलचा अर्थ जुना आहे. म्हणून लिनक्सवरच्या बहुतेक टर्मिनलमध्ये प्रत काढायला कंट्रोल-शिफ्ट-सी आणि चिकटवायला कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरतात.

दुसरा, कंट्रोल-एस. फाइल साठवायच्या सवयीने बोट तिकडे जाते आणि पडदा गोठतो. काही टंकले तरी दिसत नाही. "संगणक हँग झाला" म्हणून कुणीतरी थेट वीज बंद करतो. खरे तर टेलेटाइपच्या काळातला तो 'जरा थांब' असा संकेत आहे. कंट्रोल-क्यू दाबले की सगळे पुन्हा सुरू होते.

तिसरा गोंधळ विंडोजच्या काळ्या खिडकीतला. तिथे काम चालू असताना खिडकीत नुसते क्लिक झाले तरी काही वेळा मजकूर निवडण्याची अवस्था सुरू होते आणि चालू काम थबकते. एस्केपची कळ दाबली की ते पुढे सरकते. म्हणजे कळफलकाप्रमाणे माऊसनेही पडदा गोठतो. दोन्हींची ओळख हवी.

पाठ करण्याजोग्या कळा

लिनक्सच्या बॅश शेलमध्ये पुढील कळा उपयोगी पडतात. विद्यार्थ्यांनी त्या वहीत उतरवून घ्याव्यात.

• कंट्रोल-ए : कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो.
• कंट्रोल-ई : कर्सर ओळीच्या शेवटी जातो.
• ऑल्ट-बी आणि ऑल्ट-एफ : एक शब्द मागे आणि एक शब्द पुढे.
• कंट्रोल-डब्ल्यू : मागचा एक शब्द खोडला जातो.
• कंट्रोल-यू : कर्सरपासून ओळीच्या सुरुवातीपर्यंतचे खोडले जाते.
• कंट्रोल-के : कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंतचे खोडले जाते.
• कंट्रोल-वाय : वरच्या तीन कळांनी खोडलेले परत येते.
• कंट्रोल-एल : पडदा स्वच्छ होतो, लिहीत असलेली ओळ राहते.
• वरचा बाण : मागची आज्ञा पुन्हा समोर येते.
• कंट्रोल-आर : पूर्वी दिलेल्या आज्ञांमध्ये शोध. आठवतील तेवढी अक्षरे लिहिली की ती आज्ञा सापडते.
• टॅब : फाइलीचे नाव अर्धे लिहून ही कळ दाबली की उरलेले नाव शेल स्वतः पूर्ण करतो.

या यादीतली एकच कळ शिकायची असेल तर आम्ही टॅब शिकायला सांगू. ती वेळ वाचवते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्पेलिंगच्या चुका वाचवते. आपल्या मुलांना इंग्रजी स्पेलिंगची धास्ती असते. पहिली दोन-तीन अक्षरे बरोबर आली की टॅब बाकीचे सांभाळते. आणि टॅब दाबूनही नाव पूर्ण झाले नाही, तर एकतर त्या अक्षरांची दोन नावे आहेत किंवा सुरुवातच चुकली आहे, हेही लगेच कळते.

एक सावधगिरी. या कळा टर्मिनलच्या आहेत. इंटरनेट पाहण्याच्या प्रोग्राममध्ये कंट्रोल-डब्ल्यू दाबले तर शब्द खोडला जात नाही, समोरचे पानच बंद होते!

वेगाचा हिशेब

कळफलकाने काम भराभर होते, असे सगळे म्हणतात. पण मोजले कुणी? मोजले आहे. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि ॲलन न्यूवेल या अमेरिकन संशोधकांनी १९८० च्या सुमारास संगणकावरच्या हालचालींचे सरासरी काळ मांडले. त्यांच्या हिशेबाने हात कळफलकावरून माऊसवर नेण्यास ०.४ सेकंद लागतात, माऊसने नेमक्या जागी टोक नेण्यास १.१ सेकंद आणि क्लिक करण्यास ०.२ सेकंद. एक कळ दाबायला चांगल्या टंकलेखकाला ०.२ सेकंद, मध्यम सवय असलेल्याला ०.२८ सेकंद आणि कळफलकाची ओळखच नसलेल्याला १.२ सेकंद.

आता एक उदाहरण सोडवू. कुठून तरी घेतलेला मजकूर टर्मिनलमध्ये चिकटवायचा आहे. माऊसने करायचे तर हात माऊसवर ०.४, टोक खिडकीत १.१, उजवे क्लिक ०.२, यादीतल्या नावावर टोक १.१, क्लिक ०.२, हात परत ०.४. बेरीज ३.४ सेकंद. कळफलकाने तीन कळा आहेत. मध्यम सवयीच्या मुलाला ३ × ०.२८ म्हणजे ०.८४ सेकंद लागतील. पण कळा शोधत बसणाऱ्या नवशिक्याला ३ × १.२ म्हणजे ३.६ सेकंद लागतील!

म्हणजे नवशिक्यासाठी माऊसच किंचित पुढे आहे, आणि सराव झाल्यावर तेच काम कळफलकाने चौथ्या हिश्श्याच्या वेळात होते. पाचवीतल्या मुलाने पहिल्या दिवशी माऊस पसंत केला तर तो आळशी नाही, त्याचा हिशेब बरोबर आहे. आम्ही शिक्षकांनी त्याला सराव दिला नाही तर मात्र तो तिथेच राहील.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ॲपल कंपनीत काम केलेले ब्रूस टॉग्नाझिनी यांनी १९८९ साली लिहिले की लोकांना कळांनी काम लवकर झाले असे वाटते, पण घड्याळ लावले तर माऊस पुढे असतो. त्यांचे कारण विचार करण्यासारखे आहे. कोणती कळ होती हे आठवण्यात जे क्षण जातात ते माणसाच्या लक्षातच राहत नाहीत. कार्ड आणि मोरन यांच्या हिशेबातही असा मनाशी विचार करण्याचा काळ धरला आहे, तो १.३५ सेकंदांचा. टॉग्नाझिनी यांचे म्हणणे चित्रे आणि यादी असलेल्या पडद्याबद्दल होते, टर्मिनलबद्दल नव्हे. तरी धडा आपल्याला लागू आहे. आठवावी लागणारी कळ वेळ वाचवत नाही, बोटांत बसलेली कळच वाचवते. म्हणून एकदम अकरा कळा पाठ करू नका. आठवड्याला दोन पुरेत.

मोडीची आठवण

हे सगळे परदेशी आहे असे वाटत असेल, तर जरा आपल्या घरातले जुने दप्तर आठवा. कित्येक मराठी घरांत आजही मोडी लिपीतले कागद सापडतात. मोडी देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाडपंत याने आणली अशी परंपरागत समजूत आहे. तिचा विशेष काय होता? आधी कागदभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरामागून अक्षर लिहीत जायचे. बाळबोध लिपीत दर अक्षराला हात उचलावा लागतो. दिवसभर हिशेब आणि पत्रे लिहिणाऱ्या कारकुनाला तेवढा वेळ नव्हता. हात उचलण्यात जाणारा वेळ वाचवणे, हेच मोडीचे मर्म.

टर्मिनलवर बसलेला माणूस कळफलकावरून हात काढत नाही, त्याचेही मर्म तेच आहे. पण मोडीच्या काळात बाळबोध मोडीत निघाली नव्हती. पोथ्या बाळबोधीतच लिहिल्या जात, कारण त्या सर्वांना स्वच्छ वाचता याव्या लागत. मोडी शिकायला कष्ट होते, आणि ज्याला रोज लिहायचे त्यालाच ते परवडत. आपल्या पूर्वजांनी दोन्ही लिप्या ठेवल्या आणि काम पाहून वापरल्या. माऊस आणि कळफलकाचेही तसेच करावे.

आजच्या व्यवहारातही हे दिसते. उदगीरच्या मोंढ्यात किंवा बिदरच्या गांधी गंजात एखाद्या अडत दुकानात जाऊन मुनीमजींचे हात पाहा. टॅलीवर पैसे दिल्याची नोंद एफ-५, आल्याची एफ-६, विक्रीची एफ-८, खरेदीची एफ-९. तूर-सोयाबीनच्या हंगामात दारात गाड्यांची रांग लागलेली असते. मुनीमजी पावतीकडे पाहत असतात आणि बोटे आपोआप चालतात. हे टॅली आपल्याच राज्यात, बंगळूरला तयार होते. रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीतही कारकुनाची बोटे कळफलकावरच चालतात. पालकहो, तुमचे लेकरू काळ्या पडद्यावर जे 'बडवायलंय', ते यांच्याच जवळपासचे आहे.

माऊस कुठे हवाच?

माऊसचा जन्मही समजून घेऊ. डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला माऊस बनवला. तो लाकडी खोक्याचा होता आणि खाली दोन चाके होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगेलबार्ट यांनी तो जगाला दाखवला. फार थोड्यांना ठाऊक असते की त्या दिवशी त्यांच्या उजव्या हातात माऊस होता, तर डाव्या हाताखाली पाच कळांचा एक छोटा संच. ज्यांनी माऊस दिला त्यांनीसुद्धा कळा सोडल्या नव्हत्या.

टर्मिनलमध्येही माऊसची जागा आहे. पडद्यावर आलेल्या उत्तरातून फाइलीचे एखादे लांब नाव उचलायचे असेल तर त्यावर दोनदा क्लिक करणे सर्वांत सोपे. लिनक्सच्या बहुतेक टर्मिनलमध्ये नुसता मजकूर निवडला तरी तो उचलला जातो, आणि माऊसची मधली कळ दाबली की तो कर्सरपाशी येतो. लांब उत्तर वरखाली सरकवून वाचायलाही माऊसचे चाक सोयीचे. आणि चित्र काढायचे, नकाशात गाव दाखवायचे, तिथे तर माऊसच हवा.

मात्र उचलून चिकटवण्यात एक धोका आहे. कुठून तरी घेतलेल्या आज्ञेच्या शेवटी एंटरचे चिन्ह लपलेले असेल, तर चिकटवताक्षणी ती पाळली जाते. वाचायला सवड मिळत नाही. अलीकडचे शेल अशा वेळी एंटरची वाट पाहतात, पण जुन्या संगणकांवर ती सोय असेलच असे नाही. 'आरएम' या आज्ञेने पुसलेली फाइल कचऱ्याच्या टोपलीत जात नाही, ती जातेच. म्हणून आमचा नियम असा की परक्या ठिकाणची आज्ञा चिकटवू नका, वाचून स्वतःच्या हाताने लिहा. लिहिताना डोळा प्रत्येक शब्दावरून जातो, आणि न समजलेला शब्द तिथेच अडतो.

वहीत लिहिता येणारी विद्या

आमच्या मते खरा मुद्दा वेगाचा नाहीच. दोन सेकंद वाचवून सातवीतला मुलगा काय मोठे मिळवणार? खरा मुद्दा वाट्याचा आहे.

एका संगणकापुढे तीन मुले बसली की काय होते ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. माऊस एकाच्या हातात जातो आणि तास संपेपर्यंत तिथेच राहतो. बाकीचे दोघे पाहत बसतात. बंगळूर येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी शाळांतील हीच स्थिती पाहून २००६ साली एका संगणकाला अनेक माऊस जोडण्याचा प्रयोग मांडला होता. माऊस ज्याच्या हाती, शिकणे त्याच्या हाती, ही अडचण त्यांनाही दिसली होती.

कळफलकही एकच असतो, हे खरे. पण आज्ञा हा शब्द आहे. शब्द बोलता येतो आणि वहीत लिहिता येतो. एक मुलगी आज्ञा वाचून दाखवते, दुसरी टंकते, तिसरी उत्तर वहीत उतरवते, आणि दर पाच आज्ञांनी जागा बदलतात. माऊसने केलेले काम मात्र वहीत उतरत नाही. "इथं नेलं, मग तिथं दाबलं" एवढेच सांगता येते, आणि पडद्याची रचना बदलली की तेही निरुपयोगी ठरते. कंट्रोल-ए मात्र बॅशमध्ये वर्षानुवर्षे तेच काम करत आहे. ज्या घरी संगणक नाही, त्या घरची मुलगी आपली वही घरी नेऊन रात्री आज्ञा लिहून काढू शकते. वीज गेली तरी तिचा अभ्यास थांबत नाही. दुसऱ्या दिवशी तासाला तिची बोटे थांबून राहत नाहीत.

ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांच्यासाठी तर कळफलक हाच संगणकाचा दरवाजा आहे. पडदा वाचून दाखवणारे प्रोग्राम असतात आणि ही मंडळी कळांवरच सगळे काम करतात. उलट ज्यांना दोन कळा एकदम धरणे जमत नाही, त्यांच्यासाठी संगणकात 'स्टिकी कीज' नावाची सोय आहे. तिने कंट्रोल आधी आणि अक्षर मागाहून दाबले तरी चालते. अशा मुलांना "माऊसच वापर" म्हणून बाजूला बसवू नये.

आपल्या सीमाभागातल्या मुलांसाठी एक आणखी लाभ. 'इनस्क्रिप्ट' नावाचा भारतीय कळफलक अनेक भारतीय लिप्यांसाठी एकाच मांडणीचा आहे. इंग्रजी के च्या कळीवर मराठीत 'क' आणि शिफ्ट धरून 'ख'. कन्नड निवडले तर त्याच कळीवर कन्नड 'क' आणि 'ख'. एल वर 'त' आणि 'थ', एच वर 'प' आणि 'फ', दोन्ही लिप्यांत तसेच. कन्नडसाठी 'नुडी'चा निराळा कळफलकही पुष्कळ वापरात आहे, हे खरे. पण घरी मराठी आणि कचेरीत कन्नड लिहिणाऱ्या आपल्या मुलांना एकदा बोटे बसवून दोन भाषा लिहिता येतात, ही काही थोडी गोष्ट नाही.

करून पाहा

विद्यार्थी मित्रांनो, आमच्या शब्दावर विसंबू नका. मित्राच्या हाती सेकंद मोजणारे घड्याळ द्या. चाळीस-पन्नास अक्षरांची एक आज्ञा लिहा आणि तिचा पहिला शब्द मुद्दाम चुकवा. आधी डावा बाण एकेकदा दाबत मागे जाऊन ती दुरुस्त करा. मग कंट्रोल-ए वापरून करा. दोन्ही वेळा वहीत लिहा. आठ दिवसांनी पुन्हा मोजा. आकडे कमी झाले तर कळ बोटांत बसली. नाही झाले तर ती कळ तुमच्या कामाची नसेल. सोडून द्या आणि दुसरी घ्या.

पालकहो, घरी मुलाला "आज माऊस कुठं कुठं फिरवला?" असे विचारू नका. "आज कोणती आज्ञा शिकलास? वहीत दाखव," असे विचारा. आपल्याला इंग्रजी येत नसले तरी चालेल. तो समजावून सांगू लागला की त्याला किती कळले ते तुम्हाला त्याच्या बोलण्यावरूनच कळेल.

आणि विश्वस्त मंडळींना विनंती एवढीच, की माऊस यादीतून काढू नयेत. चित्रकलेला आणि भूगोलाला ते लागतात. पण एखाद्या वर्षी पैसे कमी पडले आणि निवड करायची वेळ आली, तर आधी अक्षरे पुसट झालेले आणि कळा अडकणारे कळफलक बदलून द्यावेत. माऊस नसलेल्या संगणकावर आम्ही तास घेऊ शकतो. कळफलक नसलेल्या संगणकावर घेता येणार नाही.